छत्तीस किलोनं उतरलेली शेळी

आता तुमच्यापासून काय लपवायचं? शेळीनं सगळं नीट केलं, घोळ घातला तो मी!

मागल्या साली आमची चंद्री गाभण असताना झुरत गेली. वेळेवर ध्यानात आलं नाही, पिल्लं पोटातच गेली. आमची सून सारिका नगरला कॉम्प्युटरचं काम करते. चंद्री तिची लई लाडकी. यंदा ती म्हणाली, "आबा, दर रविवारी चंद्रीचं वजन मोबाईलवर भरा. मी क्वेरी लिहिलीय. ती प्रत्येक आकडा वरच्या ओळीतल्या आकड्याशी ताडून बघते. वजन घटलं की मला लगेच कळतं."

भरत होतो की! शेवटचा आकडा अडतीस.

पुढच्या रविवारी पहाटे चंद्री व्याली. दोन पिल्लं! एकेकाला उराशी धरून मी काट्यावर उभा राहिलो, बायकोनं माझं वजन वजा करून दिलं. दोन-दोन किलो. आता लिहायचं कसं? आई एकालाच जवळ आणि दुसऱ्याला लांब, हे मनाला पटेना. म्हणून मधे चंद्री लिहिली, दोन्हीकडं पिल्लं. दोन, तेहतीस, दोन. किती छान दिसलं!

पाच मिनिटांत फोन.

"आबा, चंद्री छत्तीस किलोनं उतरली?"

"अगं पोरी, ती..."

"मग एकतीसनं वाढली, परत एकतीसनं उतरली! जिवंत आहे ना?"

"हाय की. पर आता एकटी न्हाई..."

"म्हणजे? आणखी कुणाला लागण झाली?"

माझं बोलणं हे असं सावकाश. पुढचा शब्द तोंडातून निघेपर्यंत फोन बंद! परत लावला तर सारखा बिझी. कुणाशी बोलत होती? मिरजगावच्या जनावरांच्या डॉक्टरांशी!

डॉक्टर सलाईनच्या बाटल्या घेऊन दारात.

"पेशंट कुठाय?"

चंद्री निवांत रवंथ करत होती, पिल्लं लुचत होती. डॉक्टरांनी माझ्याकडं असं बघितलं, की सलाईन आता मलाच लावतात!

बायको म्हणाली, "अवो, पोरीनं मोबाईलला अक्कल दिली, तुमाला द्यायची राहिली!"

सारिका आधी रडली, मग हसली, मग तिनं क्वेरी सुधारली. आता ज्याचं नाव, त्याचाच मागचा आकडा. चूक व्हायला जागाच नाही!

पुढच्या रविवारी बायको बाजाराला गेलेली. म्हटलं, आपण काय अडाणी आहोत? मोठ्या पिल्लाला उराशी धरलं, काट्यावर उभा राहिलो, आकडा भरला. फोन वाजलाच.

"आबा, मोठं पिल्लू आठवड्यात साठ किलोनं वाढलं?"

मी तोंड उघडलं, पण बायको नेमकी तेव्हाच दारात. तिनं माझ्या हातून मोबाईल घेतला, भरलेला आकडा बघितला.

"घाबरू नगं गं सारिका. बासष्टातलं तीन किलो पिल्लू हाय. उरलेलं एकोनसाठ किलोचं गाढव माझ्या म्होरं हुभं हाय!"