लग्नाच्या मांडवातला बर्फ

ओल्या लाकडी भुशाचा वास आला की मला आर्वीतला बर्फाचा कारखाना आठवतो आणि डोकं तापतं. भर मे महिन्यात सकाळी आजोबा गेले होते. सुरतेहून निघालेल्या आत्याला बापाचं तोंड दिसावं म्हणून आम्ही बर्फाच्या दोन लाद्या सांगून ठेवल्या होत्या. काकांसोबत न्यायला गेलो, तर मालक म्हणाला, "लग्नवाल्याइले देल्या. तुमचा माणूस आता कुठं पळून राह्यला?" काकांनी त्याची कॉलर धरली. मी ऑटो घेऊन तडक त्या लग्नाच्या मांडवात गेलो. एक लादी सरबताच्या पिंपात फुटली होती, दुसरी पोत्याखाली भुशात होती, ती मी मागितली. "लग्नाचा बर्फ मयतीले? अपशकुन होते," पुरुष कुरकुरले. नवरीच्या आईनं स्वतः पोतं ओढलं आणि त्यांच्यावर खेकसली, "माहीबी पोरगी दूरच जाऊन राह्यली. उचला, याच्या ऑटोत ठेवा." संध्याकाळी आत्या पोचली, तिनं बापाच्या गालाला हात लावला. शाळा अर्धवट सोडून मी आता तिच्याहूनही दूर कामाला आहे. घरचा फोन वाजला की छातीत धस्स होतं, आणि मनातल्या मनात मांडवातल्या त्या बाईला हात जोडतो. सुट्टीत गावी गेलो की तो मालक रस्त्यात हसून विचारतो, "काऊन रे, बोलत नाई?" मी तसाच पुढं जातो.