नाल्याकडची खोली

सुमंगला बोरीची. माहेरी पाणी म्हणजे विहीर, नाहीतर टँकर. लग्न होऊन ती गंगेच्या काठच्या या गल्लीत आली, आणि घराच्या पायऱ्या थेट नदीत उतरतात हे बघून पहिला सगळा पावसाळा दार लावून स्वयंपाक करत राहिली. सासू हसायची. "नदी काय दार वाजवून येते का गं?"

गोदावरीला या गल्लीत कुणी गोदावरी म्हणत नाही. ती गंगा, आणि पूर आला की पाहुणी. घाटाला सगळ्यात जवळचं घर यांचं, म्हणून पाहुणीची ओटी भरायचा मान याच घराचा. पाणी घाटावरच्या देवळाच्या ओट्याला लागलं की घरच्या सवाष्णीनं जायचं, खण, नारळ, गहू पाण्यात सोडायचे आणि बाई, आता माघारी फिर, असं म्हणायचं. त्याआधी घर सोडायचं नाही. पाहुणी दारात असताना घरच्यांनी पळून जाणं बरं दिसत नाही.

सासरे गेले तेव्हा हा मान सुमंगलेकडे आला. त्याच हिवाळ्यात सासूची, म्हणजे अक्कांची, डावी बाजू गेली. त्यानंतर मोठा पूर आलाच नव्हता.

गेल्या सप्टेंबरात आला. सकाळी ऊन होतं. तिचा नवरा उद्धव पिंगळीला सत्यनारायण सांगायला गेला. दुपारी वारा सुटला, पत्रे वाजायला लागले, आणि मग पावसानं असा मार दिला की समोरचं देऊळ दिसेना. उद्धवचा फोन आला. रस्ता बंद, पुलावरून पाणी, अक्काला सांभाळ. पुढचं ऐकू आलं नाही.

शेजारच्या तानुबाईचा मुलगा भागवत ट्रॅक्टर घेऊन दारात आला. "वहिनी, चला. सगळे शाळेत जायलेत. वर."

"ओटी भरून येते, मग निघू."

"ओटी? पाणी बघा की किती चढायलंय!"

आतून अक्का बोलल्या. आजारपणापासून त्यांचे शब्द जड पडायचे, पण हुकूम कळायचा. "आधी ओटी. मला मागच्या खोलीत ठेव. पाणी समोरून येतं."

पाणी समोरूनच यायचं, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत होतं. मागची खोली नाल्याकडं होती, जोतंही हातभर उंच. सुमंगला आणि भागवतनं बाज उचलून मागं नेली. भागवत तानुबाईला ट्रॅक्टरवर बसवायला गेला. सुमंगलेनं ताट घेतलं.

घाटावर नदी चहासारखी तांबडी होती. तिच्यात आवाज नव्हता, नुसती जाडी होती. ओटा अजून दोन पायऱ्या वर होता. म्हणजे थांबायला हवं होतं. ती थांबली, पदराखाली ताट धरून. आपल्या हातून पहिलीच ओटी, ती चुकायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"सुमंगलाबाय!" ट्रॅक्टरवरून तानुबाई ओरडत होती. "इकडं बघ गं माय! पाणी मागून यायलंय!"

फुगलेल्या गंगेनं नाल्याचं पाणी आत घेतलंच नव्हतं. ते उलटं फिरून वस्तीत शिरलं होतं. तानुबाईच्या गोवऱ्या सुमंगलेच्या परसातून तरंगत बाहेर येत होत्या.

ताट कुठं पडलं ते तिला आठवत नाही. मागच्या खोलीचं दार आत उघडणारं, आणि आत बाज तरंगून दाराला आडवी बसलेली. तिनं खांदा लावला. दार हललं नाही. भागवतनं लाथा घातल्या. फळी तुटली तेव्हा आत छातीभर पाणी होतं. अक्का चांगल्या हातानं खिडकीचा गज धरून होत्या, हनुवटी वर केलेली. एवढ्यातही त्या म्हणाल्या, "उशीर केलास."

भागवतनं त्यांना पाठुंगळी घेतलं.

शाळेत बाकांवर सगळी गल्ली ओली बसली होती. अक्कांना कुणाचं तरी धोतर गुंडाळलं होतं.

"भरलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मला मागं ठेवलंस तू."

"तुमीच म्हणलात, अक्का."

"मी म्हणले म्हणून? मी म्हातारी. तुला डोळे न्हाईत?"

सुमंगला अक्कांचे पाय चोळत राहिली. डावा पाय थंडच होता, पण तो नेहमीच थंड असायचा.

गाळ काढण्यात दसरा गेला. त्यानंतर एका दुपारी पुन्हा आभाळ भरलं. पहिले थेंब पडायच्या आत सुमंगलेनं भागवतला हाक मारली आणि अक्कांना ट्रॅक्टरवर चढवलं. ओटीचं तिनं नावही काढलं नाही. उद्धव दारात उभा राहून म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. तुमी मागून या."

गल्ली हसली. "वहिनी, ढग बघूनच पळायल्या का?" कुणीतरी ओरडलं. पाऊस तासाभरात उघडला. नदी पहिल्या पायरीलासुद्धा शिवली नाही. रिकाम्या शाळेत दोघीच बसल्या होत्या, पंखा बंद, माश्या.

अक्का मान न वळवता म्हणाल्या, "पुढच्या बारीला उशी तरी घे गं. हे बाक लय टोचतं."