तातामीवरचं पोतेरं

आईने तिसऱ्याच आठवड्यात सांगितलं, "माझं तिकीट अलीकडच्या तारखेचं करून दे." आली होती सहा महिन्यांसाठी. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच साताऱ्याचं घर बंद करून निघालेली. या खेपेला ती कंटाळून गेली असती तर पुन्हा आली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एकुलती एक. माझा जीव टांगणीला लागला.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. अमेरिकेत बॉथेल गावातल्या माझ्या टाउनहाउसमधून मी सकाळी साडेसातला निघायची ते संध्याकाळी सातला उगवायची. मधल्या वेळात ती खिडकीत बसून समोरच्या गॅरेजची दारं वर-खाली होताना बघायची. "माणूस दिसत नाही गं, नुसत्या गाड्या," म्हणायची. शेवटी मी मॅनेजरच्या मागे लागले. २००५ साल होतं. घरून काम करणं म्हणजे तेव्हा आजारी माणसाला दिलेली सवलत. तो कसाबसा म्हणाला, दोन आठवडे ट्राय कर, पण एकही कॉल चुकवायचा नाही.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने फेरीबोटीने जायच्या एका बेटावरचं घर सुचवलं. समुद्राकाठचं, जुन्या जपानी पद्धतीचं, आणि मुख्य म्हणजे इंटरनेट असलेलं. मालकीणबाई शेजारच्याच छोट्या घरात राहायच्या. पंचाहत्तरीच्या, मूळच्या जपानी घराण्यातल्या, पण जन्मापासून इथल्याच. घर त्यांच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तो सुतार होता, चार वर्षांपूर्वी वारला. सरकती दारं कागदाची. बसायच्या खोलीत पलंग नाही, खुर्ची नाही, खाली सहा जाड चटया. तातामी म्हणतात त्यांना. आत दाबून भरलेला पेंढा आणि वर विणलेलं गवत. "चपला बाहेर," एवढंच मालकीणबाईंनी बजावलं, आणि आई खूश झाली. "अमेरिकेत एक तरी शहाणं माणूस भेटलं," म्हणाली.

मला वाटलं, जिंकलं. आतल्या खोलीत बुटक्या टेबलाशी मांडी घालून मी लॅपटॉप उघडला आणि कानाला हेडसेट लावला. आई चहा घेऊन आली की मी हाताचा पंजा दाखवायची. ती दारातूनच परत जायची. समुद्रावर कसलासा पक्षी आलाय, चल ना बघायला, असं म्हणायला आली की मी म्यूट दाबून सांगायची, "आई, कॉलवर आहे." चार दिवसांत हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की पुढेपुढे तिने यायचंच सोडलं.

पाचव्या दिवशी सकाळी बसायच्या खोलीत कुबट वास आला. वाकून पाहिलं तर चटयांच्या कडांना बुरशीचे काळे ठिपके. "आई, हे काय झालंय?"

"मला काय विचारतेस? मी तर रोज स्वच्छ पुसते," आई म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. रोज सकाळी आठला, मी दार लावून कॉलवर असताना, बाईसाहेब बादलीभर पाण्यात फिनेल घालून त्या गवतावर पोतेरं फिरवत होत्या. साताऱ्यात केर-फरशी झाल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे. "जमिनीवर बसायचं, तिथेच जेवायचं, आणि जमीन पुसायची नाही? आपल्याला नाही जमत," ती म्हणाली.

मी भडकले. माझा आवाज भलताच चढला. "अगं पण विचारता येत नाही का तुला?"

"कोणाला विचारू? तू कॉलवर होतीस."

मालकीणबाईंना कसं सांगायचं याचा मी विचार करत होते, तोवर आई पायात चपला सरकवून त्यांना हाताला धरून घेऊनही आली. त्या गुडघ्यांवर बसल्या, चटई दाबून पाहिली, हाताचा वास घेतला. "माझ्या नवऱ्याने बसवल्या होत्या," एवढंच बोलल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवूनही चारचौघांत इंग्रजी बोलायला लाजणारी माझी आई म्हणाली, "आय डिड. नॉट माय डॉटर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चटया उचलून बाहेर वाऱ्यावर उभ्या करायच्या, ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने टिपायचे, असं ठरलं. एकेक चटई धान्याच्या पोत्याएवढी जड. मी एक बाजू धरली, घड्याळात पाहिलं, आणि नऊचा कॉल आहे म्हणून आत गेले. हे लिहायलाही लाज वाटते. खिडकीतून मला दोघी दिसत होत्या. एक टोक आईकडे, एक त्यांच्याकडे. चार पावलं चालायच्या, टेकवायच्या, पुन्हा उचलायच्या.

मग तेच रोजचं काम झालं. सकाळी चटया बाहेर, ऊन सरकलं की त्यांची तोंडं उन्हाकडे फिरवायची, संध्याकाळी आत. मधल्या वेळात दोघी पायरीवर मटार सोलत बसायच्या. आईचं इंग्रजी तुटकं, त्यांचं बोलणंच कमी. तरी दोघींचे नवरे कशाने गेले, किती दिवस अंथरुणाला खिळले होते, हे त्यांना एकमेकींचं पाठ झालं. आईने मला बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल इतकं कधी सांगितलं नव्हतं. मी तरी कधी विचारलं होतं म्हणा. चार चटया सुधारल्या. दोन डागाळल्या त्या डागाळल्याच. असू देत, असं मालकीणबाई म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी मी घाबरतच विषय काढला. "आई, तिकिटाचं काय करू?"

"राहू दे. ठरल्याप्रमाणे ऑक्टोबरपर्यंत राहते मी."

मी तिला मिठीच मारणार होते. ती पुढे म्हणाली, "पण इथे राहते. त्यांची मागची खोली रिकामी आहे, मी विचारलंय त्यांना. तू शनिवार-रविवार येत जा."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या म्हातारीचा हेवा वाटला. "अगं, मी एवढा आटापिटा करून इथे आले ते तुझ्यासाठीच ना?"

आई साडीची घडी घालत होती. तिचा आवाज जराही चढला नाही.

"नाही गं. तू कामाला आलीस. मला बरोबर आणलंस."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीने मी एकटी परतले. वर डेकवर गेले नाही. खाली, बोटीत चढवलेल्या माझ्या गाडीतच बसून राहिले आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत रडले.