ढमूचा श्रावण

मी एका मांजराच्या पिल्लाला श्रावण पाळायला लावला होता.

गोष्ट नव्वदीतली, पोलादपूरची. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. आमची मुक्ता आठ वर्षांची होती. आषाढात महामार्गावर ट्रकखाली एक मांजरी गेली आणि तिचं मुठीएवढं पिल्लू मुक्ताने फ्रॉकच्या ओच्यातून घरी आणलं. सुकटीचा चुरा, उकडलेल्या मासळीचं डोकं असं काहीबाही खाऊन ते आठ-दहा दिवसांत इतकं गुबगुबीत झालं, की त्याचं नाव ढमू पडलं.

मग श्रावण लागला. एरवी आम्ही श्रावण पाळायचो, पण जरा सैल हातानं. त्या वर्षी मात्र मी इरेला पेटलो होतो. कारण आदल्या श्रावणात एका टपरीवर आम्लेट खाताना मी हेडमास्तरांना सापडलो होतो. (ते स्वतः तिथे कशाला आले होते, हे विचारायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही!) म्हणून यंदा घरात अंड्याचं टरफलसुद्धा दिसता कामा नये, असं मी जाहीर केलं.

"आणि ढमू?" मुक्ताने विचारलं.

"तो याच घरात राहतो ना?"

"अहो, मांजर आहे ते!" शैला म्हणाली. शैला म्हणजे माझी बायको.

"मग? प्रथिनं काय फक्त मासळीतच असतात?"

विज्ञानाचा मास्तर मी! ढमूच्या आहाराचा तक्ता करून मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. सकाळी म्हशीचं दूध, दुपारी वरणभात, संध्याकाळी मोड आलेले मूग ठेचून. तिसऱ्या दिवशी ढमूचं पोट बिघडलं. मी दुधात पाणी वाढवलं, पोट आणखी बिघडलं. मग दूध बंद करून मेतकूट-भात सुरू केला. ढमू आधी बशीकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग घाणीवर माती ओढावी तसा बशीभोवती पंजा फिरवायचा. मी म्हणायचो, "बघा, कसा खेळतोय!"

उमरठच्या वरच्या वाडीतून भागाबाई पहाटेच्या एसटीने आमच्याकडे दूध घालायला यायची. तिने एकदा ढमूच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मास्तर, ह्याची हाडं लागतात हाताला. काय देता ह्याला?"

मी तिला तक्ता वाचून दाखवला. तिने तो मन लावून ऐकला.

"ह्यात ह्याचं काय नाय. वाढतं पिल्लू हाय. सुकट द्या, मासळी द्या, थोडी थोडी, दिसातून चार-पाच येळा."

"भागाबाई, आमच्याकडे श्रावण आहे."

"तुमचा हाय. त्याचा हाय काय?"

मी हसलो. दूधवालीकडून विज्ञान शिकण्याची वेळ माझ्यावर आलेली नव्हती, अशी माझी समजूत होती.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही सत्यनारायण घातला. हेडमास्तरांना मुद्दाम बोलावलं. माझी शुद्धता त्यांनी डोळ्यांनी बघावी, हा खरा हेतू. कथा रंगात आली होती, आणि चौरंगाखालून गुरगुर ऐकू यायला लागली. भटजी थांबले. सगळे वाकले. ढमू एक सुका बोंबील पुढच्या पायांत दाबून, डोळे मिटून खात होता! मागच्या पडवीत शैला आणि मुक्ताने त्याला चोरून दिलेला बोंबील तो निवांत खायला देवाच्या आडोशाला घेऊन आला होता.

"वास मघापासून येतच होता," हेडमास्तर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसायला हवं होतं. पण मी सोवळ्यात तसाच पुढे झालो, त्याच्या तोंडातून तो बोंबील ओढून घेतला, बाहेर फेकला आणि ढमूला लाकडांच्या खोपीत कोंडलं. तो ओढून घेताना त्याने किती घट्ट धरला होता, ते माझ्या बोटांना अजून आठवतं. त्या घटकेची मला आजही लाज वाटते.

सकाळी खोपीचं दार उघडलं तर ढमूला उभं राहता येईना. मुक्ताने त्याला फ्रॉकच्या ओच्यात घेतलं. भागाबाई दूध घेऊन आली. शैलाला एवढंच म्हणाली, "आन गो ते टोपलं." आणि त्यात फडकं घालून ढमूला घेऊन गेली. मी तक्ता फाडला, पण तोवर तो वाचायला ढमू घरात नव्हता!

त्यानंतर रोज दुधाबरोबर बातमी यायची. आज मासळीचं पाणी चाटलं. आज उभा राहिला. आज कोंबडीच्या मागं लागला.

गणपती गेल्यावर आम्ही तिघं सुकटीचा पुडा घेऊन त्याला आणायला वाडीवर गेलो. ढमू दारात वहाळातला मासा खात बसला होता, चांगला टरारला होता. मुक्ताने त्याला उचलून गालाला लावलं.

"ने गो पोरी, तुजाच हाय," भागाबाई म्हणाली.

मुक्ताने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. मग तिने ढमूला परत खाली ठेवलं.

"नको. पुढच्या वर्षी परत श्रावण येईल."

"मी नाही पाळणार गं!" मी घाईघाईने म्हणालो.

"मग तुम्ही दुसरा काहीतरी नियम काढाल."

मी आधारासाठी शैलाकडे बघितलं. ती मान डोलवत होती. भागाबाईसुद्धा!

परत उतरताना मुक्ताने आईचं बोट धरलं. मी सुकटीचा पुडा घेऊन मागून चाललो होतो आणि वाडीतली तीन मांजरं माझ्या पायांत घोटाळत येत होती. मी चारदा वळून बघितलं. ढमू काही त्यांत नव्हता.