चिमूटभर साखर

रिकाम्या भांड्याची इतकी धास्ती घेतलेलं माणूस मी जगात एकच पाहिलं, आणि ते फिनलंडचं होतं. मयूर विहारमधल्या आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली आहे. बाबा गेल्यावर आईने ती भाड्याने द्यायचं ठरवलं, आणि दिल्लीत दोन वर्षं इतिहास शिकायला आलेली एक उंच, अबोल मुलगी तिथे राहायला आली. आई तिला ‘वरची’ म्हणायची. ती आईला ‘आईजी’ म्हणायची. बाहेरची हिंदी आणि आमच्या घरातली मराठी तिने अशी परस्पर जोडून टाकली होती. खाली यायचं म्हणजे बारा पायऱ्या, पण त्याआधी तिचा मेसेज यायचा, ‘चार दहाला येऊ का? वीस मिनिटं बसेन.’ आणि विसाव्या मिनिटाला, आईची गोष्ट अर्ध्यावर असली तरी, ती उठायची. पहिला महिना आई वैतागली. दुसऱ्या महिन्यापासून चार वाजून पाच मिनिटांनी चहाचं आधण ठेवू लागली.

डब्याचं प्रकरण दिवाळीत सुरू झालं. आईने स्टीलच्या एका छोट्या डब्यातून बेसनाचे लाडू वर पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा आरशासारखा घासून परत आला, रिकामा. आई तिला म्हणाली, “अगं, डबा रिकामा परत करू नये. येणं-जाणं संपलं असं होतं. काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामा नको.” वरचीने वही काढली, लिहून घेतलं आणि गंभीरपणे विचारलं की चिमूट कोणाच्या बोटांची धरायची. तेव्हापासून त्या डब्याला विश्रांती मिळाली नाही. तिच्याकडून मिठातले उकडलेले बटाटे यायचे, बीट यायचं, एकदा तर बागेतून उचललेली सावरीची तीन फुलं आली. आई नियमाची मालकीण, ती कशी मागे हटणार? शिरा, चिवडा, थालीपीठ वर जात राहिलं. दोघींपैकी कोणालाच थांबता येईना. नियम फक्त आमच्या घरापुरता आहे हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. इस्त्रीवाल्याला कपड्यांच्या रिकाम्या पिशवीतून शेंगदाणे मिळायचे. पाण्याचा वीस लिटरचा जार परत करताना तिने त्यात एक लिंबू टाकलं, तेव्हा जारवाला हात न लावता आईकडे आला. “माताजी, मैडम ने नींबू डाल दिया है. कोई टोटका तो नहीं है?” त्याला ती करणी वाटली होती. आई इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. आईला असं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

वरचीच्या दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या धुक्यात आई गेली. तीन दिवसांच्या आजारात. पुण्याहून आत्या आली, घर माणसांनी भरलं. दुसऱ्या दिवशी वरची खाली आली, न विचारता, पहिल्यांदाच. हातात तोच डबा होता आणि डब्यात तिने आयुष्यात पहिल्यांदा केलेली मुगाची खिचडी, थोडी कच्ची. मी ती खाल्ली. आत्याने डबा धुऊन माझ्या हातात दिला आणि सांगितलं, “सुतकातलं भांडं रिकामंच जातं. साखरसुद्धा घालायची नाही.” मी तो वर घेऊन गेलो. तिने झाकण काढलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी जिना उतरून आलो. उद्या सांगू, असं रोज म्हणत राहिलो. ती पुन्हा खाली आली नाही, आणि मीही वर गेलो नाही.

चौदाव्या दिवशी माणसं पांगल्यावर वर गेलो, तर तिची पुस्तकं खोक्यात भरलेली होती. तिने होस्टेलमध्ये जागा घेतली होती. रागावली नव्हती. शांतपणे म्हणाली, “आईजी गेल्या. डबा रिकामा आला. मी समजले.”

मी अडखळत सगळं सांगितलं. तिने खोक्याच्या तळातून वही काढली, जुन्या नियमाखाली नवा लिहिला आणि विचारलं, “किती दिवस रिकामा?”

“तेरा.”

“आज?”

“चौदावा.”

तिने डबा माझ्यापुढे धरला. मी खाली आलो, आईच्या साखरेच्या बरणीतून एक चिमूट घातली. माझ्या बोटांची; आईची आणायची कुठून? इ-रिक्षा दारात येऊन उभी होती. ती राहिली नाही. कबूल केलेली जागा नाकारायची नाही, हाही तिचा एक नियम होता. सामान मागे लादलं, डबा मांडीवर घेऊन बसली.

मे महिन्यात शिक्षण संपवून ती तिच्या देशात परत गेली. गच्चीवरची खोली मी पुन्हा कोणाला दिली नाही. चार दहा झाले की अजून घड्याळाकडे नजर जाते. मध्यंतरी तिने एक फोटो पाठवला: खिडकीबाहेर बर्फ, खिडकीत आईचा डबा. मी विचारलं, साखर गोड होती का? तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, देवनागरीत, एकेक अक्षर जपून लिहिलेलं. ‘खाल्ली नाही. खाल्ली तर डबा रिकामा होईल.’