घर ओढणारी गाडी

त्या साली आमच्या घरात दोनच विषय होते, माझं लग्न आणि गाडी. दोन्हींची बघाबघी एकदमच चालू होती. माझ्यासाठी सांगून आलेलं स्थळ मी बघितलंही नव्हतं, गाडी बघायला मात्र मला सोडून कुणी जायची सोय नव्हती, कारण मी दारात उभी राहून असं काही भोकाड पसरायचे की शेजारची कुत्री भुंकायला लागायची. मी नववीत होते, आणि गाडी म्हटलं की माझ्या पायाला भिंगरी लागायची.

या दोन विषयांचा एकमेकांशी संबंध होता. आमचं गाव चौसाळ्याच्या आतल्या अंगाला. दिवाळी झाली की आई आणि आण्णा ऊसतोडीला जायचे. आण्णा म्हणजे माझे वडील. खालच्या अंगाच्या सहकारी साखर कारखान्यावर आमची बैलगाडी लागायची. दोघं ऊस तोडायचे, बैल तो ओढायचे, आणि राहायचं कोपीत. चार बांबू, वर पाचट आणि दाराच्या जागी पोत्याचा पडदा, एवढीच कोपी. पोरगी लहान आहे तोवर पडदा पुरतो. ती मोठी झाली की आईबापाची झोप उडते. गावात ठेवावी तर सांभाळायला कुणी नाही, बरोबर न्यावी तर घराला दार नाही, म्हणून आमच्याकडच्या कितीतरी पोरी शाळेतून सरळ मांडवात जातात. माझ्या बाकावरची मैत्रीण अशीच गेली होती, आणि तिच्या जागेवर मी माझं दप्तर ठेवत होते.

स्थळ नानांनी आणलं होतं. नाना म्हणजे आण्णांचे थोरले भाऊ, हंगामात तेही गाव सोडून कारखान्यावर असायचे. माणूस वाईट नव्हता, उलट माझ्यावर जीव होता त्यांचा, पण आपण ठरवलं की ठरलं असा स्वभाव. आई त्यांच्याशी सरळ बोलायची नाही. थोरल्या दिराशी बोलायची रीतच नव्हती आमच्यात. ते समोर बसलेले असले तरी ती माझ्याकडे तोंड करून बोलायची.

"तुझ्या नानांला सांग," ती एका संध्याकाळी मला म्हणाली, "पोरगी यंदा आमच्यासंगं येनार. पर कोपीत न्हाई. चाकावरचं घर करायचं, पत्र्याचं. आतून कडी लागंल असं."

"तुझ्या आईला म्हनावं," नाना मला म्हणाले, "घर चाकावर बसंल, पर वढनार कोन? बैल तर इकले."

"गाडी घ्या म्हनावं वढायला."

मी मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. मला निरोप पोचवायला कधी तोंड उघडावंच लागलं नाही. शेवटी नाना माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं, आइक. गाडी मिळाली आन् घर संगं नेता येतंय असं दिसलं, तर पावन्यांला न्हाई म्हनून सांगतो. न्हाई दिसलं, तर दिवाळीच्या आत उरकायचं."

झालं. माझं पुढचं सगळं एका गाडीवर येऊन थांबलं. दुसरी एखादी पोर घाबरली असती. मला मात्र आनंदानं जेवण गेलं नाही.

दुष्काळ तर असा होता की गावात पाण्यापेक्षा संस्था जास्त होत्या. विकास सोसायटी होती, दूध संस्था होती, एक पाणीवापर संस्थासुद्धा होती, तिच्या पाटीखाली टँकरची वाट बघत बायका बसायच्या. जनावरं चारा छावणीत होती. आमचे बैल छावणीतूनच बाजारात गेले. पण जे पैसे आले ते घरात ठेवून संपवायचे नाहीत, गाडीत घालायचे, हे सगळ्यांनाच पटलं.

घराचं काम चौसाळ्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे दिलं. भंगारात पडलेल्या दोन चाकी ट्रॉलीवर त्यानं अँगल उभे केले, चारी बाजूंनी आणि वरून पत्रा मारला. मापं आईनं दिली, तीही स्वतःच्या अंगानं. हात वर करून म्हणाली, एवढी उंची. आडवी पडून म्हणाली, एवढी लांबी, आणि पोरीची उंची अजून वाढायची आहे, तेवढं धरा. कडी तर तिनं इतक्यांदा बदलायला लावली की वेल्डिंगवाला म्हणाला, "मावशी, बँकेला बी मी अशी कडी बसवली न्हाई." एका बाजूला एक लहानशी खिडकी ठेवली होती. मी त्या खिडकीतून डोकं काढून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारून घेतल्या.

आता गाडी. चौसाळ्यातच एक जीप होती, तिचं दार हातात आलं, तो विषय तिथंच संपला. मग युसूफ वडगावला एक जुना ट्रॅक्टर बघितला. रंग उडालेला, सीटला गोधडी बांधलेली, चालू केला की सगळं अंगण थरथरायचं. तो बघून मला रडूच आलं. आणि मग दिंद्रुडला पिकअप बघितली.

काय सांगू! पांढरीशुभ्र, समोर लाल गोंडे, हॉर्न दाबला की सनई वाजायची. मी तिच्यात बसले आणि उतरेचना. आण्णांचीही तीच गत झाली होती, फक्त ते मोठे असल्यामुळे गप्प होते. त्यांच्या मनात वेगळंच होतं. आमच्या दूध संस्थेचे कॅन शीतकेंद्रावर पोचवायचं काम निघणार होतं, आणि चेअरमननं त्यांना सांगितलं होतं की पिकअप असेल तर काम तुमचं. म्हणजे एकदा पाऊसपाणी सुधारलं की कोयता कायमचा खाली ठेवायचा. आण्णा गाडीभोवती फिरत होते, आणि हात लावायच्या आधी तळवा धोतराला पुसत होते.

पण नाना असे ऐकणारे नव्हते. त्यांनी आयुष्यभर बैल पारखले होते. बाजारात बैल घेताना आमच्याकडे गाडीची चाकं दोरानं बांधतात, वर माणसं बसवतात आणि फिरत नसलेल्या चाकांची ती गाडी बैलाला ओढायला लावतात. ओढली तर बैल खरा. नानांनी पिकअपच्या मागं तिथलीच एक बैलगाडी बांधली, चाकं जखडली आणि जमलेल्या बघ्यांना वर बसायला सांगितलं. बघ्यांना काय, उड्या मारून बसले.

"काका, कावून असं करताय? क्लच जळंल!" गाडीवाला पोरगा ओरडला.

"बैलाला क्लच न्हवता," नाना म्हणाले. "वढ."

पिकअप गुरगुरली, काहीतरी करपल्याचा वास सुटला, आणि बांधलेली चाकं मातीत दोन चर पाडत ती गाडी हलली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी शिट्टी वाजवली आणि आईचा धपाटा खाल्ला. नानांनी बॉनेटवर थाप मारली, बैलाच्या पुठ्ठ्यावर मारायचे तशीच. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि त्याच्याखाली त्या पोराचा हात धरला. बैलबाजारात सौदा असाच होतो, बोटं दाबून, कुणाला कळू न देता. त्या बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. शेवटी तोंडानंच सौदा झाला, इसार दिला, आणि पिकअप आमच्या दारात आली. नाना गावभर सांगत फिरले की चाकं बांधून वढली, चाकं बांधून.

पुढच्या बाजाराच्या दिवशी घर आणायला निघालो. चौसाळ्याहून घर पिकअपला जोडलं, आणि आलोच आहोत तर म्हणून आईनं हंगामाची ज्वारीची पोती, पाण्याचं पिंप आणि लोखंडी पेटी आत भरून घेतली. आण्णा चालवायला, नाना शेजारी, आणि आम्ही मायलेकी घरात, कडी लावून. आई पोत्यावर बसली होती आणि पत्र्यावरून हात फिरवत होती. मी खिडकीतून ओरडत होते की आमचं घर चाललंय, बघा, आमचं घर चाललंय. सपाटीला गाडी अशी सुरेख चालली की मला वाटलं, आता थेट कारखान्यावरच जावं.

आमच्या गावाच्या अलीकडे एक नदी आहे. तिच्यात उतरायचा रस्ता आखूड पण खडा. तिथं काहीतरी बदललं. आधी घर हलकं झाल्यासारखं वाटलं, मग ते पळायला लागलं. पुढून ब्रेकचं किंचाळणं आलं, पेटी सरकत आली, पिंप आडवं झालं, आणि खिडकीतून मला रस्ता दिसायच्या ऐवजी आमचीच पिकअप शेजारून येताना दिसली. आईनं मला पोत्यांमध्ये दाबून धरलं. मग एक दणका बसला आणि सगळं थांबलं.

आम्ही नदीच्या वाळूत होतो. नदीत थेंब नव्हता म्हणून वाचलो. त्या सबंध दुष्काळानं आमचं भलं केलं ते तेवढंच. कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. घर वाळूत रुतून कलंडलं होतं, पिकअप त्याच्याकडे तोंड करून उभी होती, आणि आण्णांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

नाना उतरले. त्यांनी उताराकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि खाली बसले.

"आपन वढनं बगितलं बे," ते आण्णांना म्हणाले. "धरून ठिवनं कुटं बगितलं? उताराला बैल मागं रेटायचे, सारी गाडी मानंवर घ्यायचे. कुनी सांगायचं न्हाई त्यांला. आपल्याला वाटलं, ते गाडीतच आसतंय."

खरंच होतं. मागचं ओझं पुढच्या गाडीपेक्षा जड झालं की उतारावर मागचंच पुढच्याला हाकतं, हे आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं. पण नानांना लगेच उपायही सुचला. ते माझ्याकडे वळले. "तुझ्या आईला म्हनावं, पत्रा काडून टाकू. वर ताडपत्री मारू. हलकं व्हईल, मग वढंल बी आन् धरंल बी."

मी आईकडे बघितलं. आईच्या कपाळाला वाळू चिकटली होती. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता सरळ नानांकडे बघितलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "पत्रा काडायचा आसंल तर पोरगी आजच देऊन टाका. ताडपत्रीला मी घर म्हननार न्हाई."

नाना खाली बघायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली, आणि ती घसरताना नाही, आता वाटली. गाडी राहिली तर घर जाणार होतं, आणि घर गेलं तर मी जाणार होते. सगळं आण्णांवर आलं होतं. ते पिकअपच्या काचेवरची धूळ रुमालानं पुसत होते, हळूहळू, कोपऱ्यांसकट. मग त्यांनी गाडीपासून घर सोडवलं आणि एकटेच पिकअप घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीपलीकडून धडधड आली. युसूफ वडगावचा तो रंग उडालेला ट्रॅक्टर होता, सीटवर गोधडी, गोधडीवर आण्णा. पिकअप परत केली होती. दुधाच्या कॅनचं काय, म्हणून नानांनी विचारलं, तर म्हणाले, "पुडं बगू. आदी हे." एवढंच. आणि मला तो ट्रॅक्टर एकदम इतका देखणा दिसला की मी धावत जाऊन त्याच्या चाकाला मिठी मारली. कपडे ग्रीसनं भरले.

गाव काठावर जमलं होतंच. ट्रॅक्टरनं घर वाळूतून असं उपसलं की नाना चाकं बांधायचं नावही काढायला विसरले. त्यानं ते वर, उताराच्या माथ्यावर नेलं. आता खरी परीक्षा होती. घरात राहणारांनीच बघायचं, असं म्हणून आई आत जाऊन पोत्यावर बसली आणि तिच्यामागोमाग मी. नाना खाली नदीत जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, जणू घर आलंच अंगावर तर झेलणार होते.

आण्णांनी खालचा गिअर टाकला. घर निघालं. मी खिडकीची चौकट घट्ट धरली. घर पळेना. ते ट्रॅक्टरच्या मागे गुमान चालत होतं. बरोबर मधोमध आलो तेव्हा नाना ओरडले, "थांबव!" ट्रॅक्टर थांबला, आणि घरही थांबलं, त्या खड्या उतारावर, जागच्या जागी. "सोड!" निघालो. "थांबव!" थांबलो. नानांना इतका चेव चढला की ते लहान पोरासारखे नाचत सोड-थांबव ओरडायला लागले, आणि काठावरचं गावही त्यांच्याबरोबर ओरडायला लागलं. आई पोत्यावर बसून हसत होती. मी तर उड्या मारत होते, सगळा पत्रा दणाणत होता.

आण्णांनी उताराच्या मध्येच ट्रॅक्टर उभा केला. इंजिन चालूच होतं, त्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागलं. आधी कुणाला काही कळेना, मग त्यांनी आणखी आवाज चढवला.

"दादा, पावन्यांला न्हाई म्हनून सांगा! पोरगी आमच्यासंगं येतीय!"

एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सगळ्या गावानं ते ऐकलं. पुढं यथावकाश माझं लग्न झालं, चांगलं झालं, बँडबाजा लावून झालं. पण त्या उतारावर मोडलेल्या लग्नाचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा त्या झालेल्या लग्नाचा झाला नाही.