मस्कत, पोचण्याची वेळ अकरा

मी शाळेत भूगोल शिकवायचे आणि घरी कुणी विचारलं नाही तरी शिकवायचे. आई वारल्यापासून इंदापुरात आम्ही तिघंच होतो: आबा, मी आणि धाकटा भाऊ. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट असेल. वालचंदनगरला वेल्डिंग शिकलेल्या भावाला मस्कतला नोकरी लागली. आबा यष्टीचे ड्रायव्हर, नुकतेच रिटायर झालेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती किलोमीटर हाय?" मी नकाशावर मुंबईपासून मस्कतपर्यंत दोरा धरला, प्रमाण लावलं आणि ऐटीत सांगितलं, "दीड हजार."

तिकिटावर निघायची वेळ सकाळी दहा आणि पोचायची अकरा होती. आबांनी ती नीट वाचली आणि पुढचे चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. पोरगा लांब चाललाय म्हणून असेल, असं मला वाटलं.

विमान रविवारचं होतं. पोचल्यावर भाऊ स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवर फोन करणार होता. आबा अकरालाच तिथं जाऊन बसले. दोन वाजता मी डबा घेऊन गेले, तर त्यांचा सदरा घामानं भिजलेला होता.

"तीन तास लेट हाय," ते म्हणाले. "तीस वर्षं गाडी चालवली मी. एवढी लेट म्हंजी ब्रेकडाऊन, न्हायतर अपघात. आन आभाळात ब्रेकडाऊन झाल्यावर गाडी कडंला लावायची कशी? तासाला दीड हजार किलोमीटर पळती ती. तिला ब्रेक तरी लागतोय व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आबांनी अकरातून दहा वजा केले होते. वर्गात रेखावृत्तं घोकून घेणाऱ्या मला घरात एक वाक्य सांगायचं सुचलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतंय. तिथं अकरा म्हंजी आपलं साडेबारा. प्रवास अडीच तासांचा हाय."

आबांनी मान डोलावली आणि मनात हिशेब केला. "म्हंजी साडेबाराला उतरला. आता दोन वाजलं. मग दीड तास कुठं हाय त्यो?"

तोवर मी त्यांची समजूत घालत होते, आता मीही डबा तसाच ठेवून फोनकडं बघत बसले. तीन वाजले, साडेतीन वाजले. फोन वाजायचा, तो दुसऱ्याच कुणाचा निघायचा. बूथवाला आमच्याकडं बघायचं टाळू लागला. आबांचा हात मी कधी धरला ते मला कळलं नाही. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेल.

साडेचारला भावाचा फोन आला. विमान वेळेतच उतरलं होतं. कंपनीच्या गाडीनं थेट खोलीवर नेलं आणि तिथून फोन शोधेपर्यंत उशीर झाला. मी त्याला वाटेल तसं बोलले आणि रडले. आबांनी रिसीव्हर घेतला, "बरं, जीवाला जप," एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

परतताना आबा वाटेत थांबले. "माजी गाडी लेट व्हायची, तवा तुजी आई बी असंच बसायची का गं?"

"व्हय. तुमी येईपतूर जेवायची न्हाय."

"मला तर म्हनायची, आत्ताच जेवले," आबा म्हणाले.